मांजरीची बटणं

"मावशी, हिची बटणं कुठायत?"

मनी माझ्या मांडीवर मुटकुळं करून झोपली होती आणि माझी सहा वर्षांची भाची तिच्या पोटाखाली बोटं खुपसून काहीतरी चाचपत होती. मला वाटलं, पिसवा शोधतेय. मग लक्षात आलं, मांजरीचा स्वेटर कुठून उघडतो ते ती बघत होती. गळ्याशी काही सापडलं नाही, पाठीवर नाही, म्हणजे पोटावर असणार, असा तिचा सरळ हिशेब. डोक्यातून घालायचा स्वेटर असता तर तो कानांत अडकला असता, हे तिला रोजच्या झटापटीवरून ठाऊक. म्हणून बटणं.

"अगं, स्वेटर नाहीये तो. केस आहेत तिचे."

"एवढे? सगळीकडे?"

"सगळीकडे."

"का?"

"थंडी वाजू नये म्हणून," मी म्हणाले आणि मिटलेलं पुस्तक पुन्हा उघडलं.

मोठी माणसं काही उत्तरं प्रश्नावर झाकण ठेवायला देतात. हे त्यातलंच. झाकण नीट बसलं असं मला वाटलंही. पण पलीकडे तिचा दहा वर्षांचा भाऊ जमिनीवर पालथा पडून चित्र रंगवत होता. त्याने मान वर न करता विचारलं, "मग उंटाला कशाला केस?"

झाकण उडालं ते उडालंच. ती दोघं माझ्याकडे दोन आठवडे राहिली आणि तेवढे दिवस घरात केसांशिवाय दुसरा विषय नव्हता.

उंटाचं उत्तर मला येत होतं. पण ते द्यायच्या आधी एक समजूत मोडायला हवी होती, आणि ती आपल्या भाषेनेच पक्की करून ठेवलेली आहे. लोकरीच्या कपड्यांना आपण सर्रास 'गरम कपडे' म्हणतो. सहा महिने कपाटात घडी होऊन पडलेला स्वेटर गरम कसा असेल? तो कपाटाइतकाच गार असतो. पण 'काहीतरी गरम घाल' हे ऐकत वाढलेल्या मुलाला लोकर म्हणजे एक प्रकारची मंद शेगडी वाटली, तर चूक त्याची नाही.

म्हणून बर्फाचे दोन सारखे खडे घेतले. एक वाटीत उघडा ठेवला. दुसरा लोकरीच्या जाड मोज्यात घालून, मोज्याचं तोंड दुमडून दुसऱ्या वाटीत. आधी कोणता वितळेल यावर पैज. "मोज्यातला," भाची लगेच म्हणाली, "मोजा गरम असतो ना." भाच्याला यात काहीतरी गोम आहे असा दाट संशय होता, पण कारण सापडेना, म्हणून तोही नाइलाजाने बहिणीच्या बाजूला गेला. मग दोघं वाट्यांसमोर मांडी घालून बसली. बर्फ वितळताना बघत बसायचं काम मुलांइतकं मन लावून कोणी करत नाही. उघड्या वाटीत नुसता पापुद्रा तरंगायला लागला तेव्हा आम्ही मोजा उलटा केला. आतला खडा चांगला धडधाकट होता.

भाचीने माझ्याकडे पाहिलं. "तू गार मोजा घेतलास," ती म्हणाली, आणि खात्री करायला तो ओला मोजा तिने स्वतःच्या पायात घातला. गारच होता. तिचं म्हणणं सिद्ध झालं.

हे निस्तरायला बराच वेळ गेला. मोज्याला गरम-गार काही कळत नाही. आतलं आत आणि बाहेरचं बाहेर, एवढंच त्याचं काम. आत पाय असेल तर पायाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. आत बर्फ असेल तर खोलीतली ऊब आत येऊ देत नाही. आणि खरं तर हेही मोजा करत नाही, त्याच्या धाग्यांत अडकलेली हवा करते. एका जागी थांबलेल्या हवेतून उष्णता मोठ्या मुश्किलीने पुढे सरकते. वाहती हवा मात्र ऊब उचलून घेऊन जाते. केस त्या हवेला पळू देत नाहीत. म्हणजे मनीने केसांचा कोट घातलाय हे अर्धंच खरं. तिने हवेचा कोट घातलाय. केस तो नुसता धरून ठेवतात. आणि शेगडी म्हणाल तर मनी स्वतः. मांजरीचं अंग ३८-३९ अंशांवर असतं, आपल्याहून जरा जास्तच.

आम्ही मनीच्या पाठीवर फुंकर मारून केस दुभंगून पाहिले. वर लांब, राठ, चकचकीत केस. त्यांच्या बुडाशी आखूड, दाट, धुरकट लव. बऱ्याच केसाळ प्राण्यांचं हे असं दुहेरी असतं. वरचे केस पाणी, धूळ, काटेकुटे अंगावर घेतात आणि आतली लव हवा सांभाळते. तिसऱ्या फुंकरीला मनी उठून गेली.

तेवढ्यात भाच्याच्या डोक्यात उजेड पडला होता. "म्हणजे उंट म्हणजे बर्फ!"

वाक्य भन्नाट होतं आणि बरोबरही. वाळवंटात उंटाच्या भोवतीची दुनिया त्याच्यापेक्षा तापलेली असते, म्हणून त्याच्या पाठीवरचे केस ऊन बाहेर थोपवतात. श्मिट-नील्सन नावाच्या शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात सहारात उंटांवर मोजमापं केली. भर उन्हात केसांच्या वरच्या टोकाशी ७० अंशांच्या पुढे तापमान, आणि खाली कातडीशी ४० च्या आसपास. मग त्याने एका उंटाची लोकर भादरून पाहिली. त्या उंटाच्या अंगातून घामावाटे सुमारे दीडपट पाणी जायला लागलं. ज्याला पाण्याचा थेंब न् थेंब जपायचाय, त्याच्या दृष्टीने ती लोकर म्हणजे पाण्याची बचत होती.

'थंडी वाजू नये म्हणून' हे माझं उत्तर इथे एकदा मोडलं. ते पुन्हा पुन्हा मोडणार होतं.

दुसऱ्यांदा मोडलं ते आंघोळीला. ओले केस अंगाला चिकटले की गार वाटतं, कोरडे झाले की बरं वाटतं, हे भाचीने स्वतःच सांगितलं. मग पाण्यात राहणारे प्राणी काय करतात? पाण्यातून उष्णता हवेच्या वीस पटींहून अधिक वेगाने निसटते, त्यामुळे ओली लोकर फारशी कामाची नाही. देवमासे आणि डॉल्फिन यांनी केसांचा नाद जवळपास सोडला आणि कातडीखाली चरबीचा जाड थर घेतला. जवळपास म्हणते, कारण डॉल्फिनचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याच्या मुस्कटावर चार-दोन केस असतात. नंतर गळून जातात.

समुद्री पाणमांजराने मात्र केस सोडले नाहीत. उत्तर पॅसिफिकच्या गारठलेल्या पाण्यात राहायचं आणि अंगावर चरबीचा थर नाही, असा हा प्राणी. त्याचा सगळा भरवसा केसांवर. त्याच्या अंगावर जिथे ते सर्वांत दाट असतात तिथे एका चौरस सेंटिमीटरमध्ये दीड लाखाच्या आसपास केस असतात. आकडा ऐकून मुलांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. लाख आणि कोटी त्यांना सारखेच. मग मी भाचीच्या अंगठ्याचं नख दाखवलं. "एवढ्याशा जागेत, तुझ्या अख्ख्या डोक्यावर आहेत त्याहून जास्त." माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. तिने एकदा नखाकडे पाहिलं, मग भावाच्या डोक्याकडे, आणि ते सगळे केस त्या नखात कोंबायचा मनातल्या मनात प्रयत्न केला असावा.

एवढ्या दाटीत पाणी शिरतच नाही. कातडी कोरडी राहते. पण ही सोय फुकट मिळत नाही. हवा निसटत राहते, केस गुंततात, म्हणून हे प्राणी दिवसातले कितीतरी तास केस चोळत, विंचरत, त्यांत पुन्हा हवा भरत बसतात. आई पिल्लाला पोटावर घेऊन त्याचे केस तासन् तास फुगवते. पिल्लाच्या लोकरीत इतकी हवा भरलेली असते की ते बुचासारखं तरंगतं. बुडी मारायची म्हटली तरी जमत नाही. हे ऐकून भाची इतकी हसली की तिला उचकी लागली. पुढचं मी सांगितलं नाही. १९८९ मध्ये अलास्काच्या किनाऱ्याजवळ एक्सॉन वाल्डेझ हे तेलवाहू जहाज खडकावर आपटलं. समुद्रावर तेल पसरलं आणि हजारो पाणमांजरं गेली. तेलाने केस चिकटले की हवा संपते, हवा संपली की ऊब. हे भाच्याने मला नंतर एकट्यात विचारलं, कारण त्याने ते कुठेतरी आधीच वाचलं होतं.

एक कबुली. या सगळ्यात मी मुलांना एक धादांत चुकीची गोष्टही सांगितली. ध्रुवीय अस्वलाचे केस पांढरे नसतात, त्यांना रंगच नसतो, ते आतून पोकळ असतात आणि खालची कातडी काळी असते. इथपर्यंत खरं. पुढे मी रंगात येऊन सांगितलं की ते पोकळ केस सूर्याचा प्रकाश नळीतून आणावा तसा थेट कातडीपर्यंत आणतात. लहानपणी वाचलेलं, इतकं सुंदर होतं की तपासावंसं कधी वाटलंच नाही. रात्री सहज तपासलं तर कळलं की डॅनियल कून नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने १९९८ मध्येच ते मोजून निकालात काढलंय. त्या केसातून कातडीपर्यंत प्रकाश जवळजवळ पोहोचतच नाही. सकाळी मुलांसमोर शब्द मागे घेतले. भरपाई म्हणून हिरव्या अस्वलांची गोष्ट सांगितली. सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयातली ध्रुवीय अस्वलं हिरवट दिसायला लागली तेव्हा तपासाअंती निघालं की त्यांच्या पोकळ केसांच्या आत शेवाळ वाढलंय. १९७९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. मुलांना ही गोष्ट माझ्या मूळ थापेपेक्षा जास्त आवडली.

आता जे सांगायचंय ते जरा अवघड आहे.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी कशाबद्दल तरी बोलताना म्हणाले, "निसर्गाने तिला बरोबर कोट दिला." सवयीचं वाक्य. आपण सगळेच बोलतो. भाच्याने विचारलं, "निसर्ग म्हणजे कोण?" मग लगेच, "आणि त्याला कसं कळलं की मांजरीला थंडी वाजते?"

मराठीतला 'का' हा फार लबाड शब्द आहे. त्याच्या पोटात दोन प्रश्न असतात, 'कशासाठी' आणि 'कशामुळे'. मूल विचारतं 'का', आणि आपण न चुकता 'कशासाठी'चं उत्तर देतो. थंडीसाठी. लपण्यासाठी. पिल्लाला ऊब मिळावी यासाठी. या 'साठी'मागे कोणीतरी बसलेलं असतं, प्राण्यांकडे प्रेमाने बघत मापं घेणारं. मुलाला ते पटतं, कारण त्याच्या जगात तसं कोणीतरी खरंच असतं. थंडी वाजली की स्वेटर आणून देणारं. मांजरीलाही कोणीतरी दिलाच असेल.

ससा घ्या. उत्तर अमेरिकेतला हिमससा हिवाळ्यात पांढरा होतो आणि उन्हाळ्यात तपकिरी. बर्फात दिसू नये म्हणून, असं आपण म्हणून जातो. पण त्याच्या केसांना बर्फ कळतच नाही. त्यांना दिवसाची लांबी कळते. दिवस लहान व्हायला लागले की जुने केस गळतात आणि पांढरे येतात. पूर्वी तेवढ्यात बर्फही पडायचा, गणित जमायचं. आता कित्येक ठिकाणी बर्फ उशिरा पडतो, लवकर वितळतो, आणि तपकिरी जमिनीवर पांढराशुभ्र ससा, आपण दिसत नाही अशा खात्रीने, स्तब्ध बसून राहतो. असे ससे जास्त मारले जातात, हे अभ्यासकांनी त्यांच्या गळ्यात रेडिओ-पट्टे बांधून मोजलेलं आहे. मापं घेणारं कोणी असतं, तर त्याने या वर्षी कोट उशिरा पाठवला असता.

तर मी 'कशामुळे' सांगायचं ठरवलं. फार फार पूर्वीची एक आई घेतली, मांजरीसारखी कोणीतरी. तिला पाच पिल्लं. सगळी सारखी नसतात. एकाचे केस जरा दाट, एकाचे जरा विरळ, जसे तुम्ही दोघं एका आईचे असून सारखे नाही. मग एक फार थंड रात्र आली. सकाळी दाट केसांची पिल्लं दूध प्यायला उठली. ती मोठी झाली, त्यांना पिल्लं झाली, त्यांचेही केस दाट. पुन्हा थंडी. असं हजारो, लाखो वेळा.

मी मनातून खूश होते. छान बसलं होतं.

"आणि विरळ केसांची?" भाचीने विचारलं.

मी म्हणाले, "ती... राहिली नाहीत."

"कुठे गेली?"

भाऊ गप्प होता. त्याला कळलं होतं आणि मी काय सांगते हे तो बघत होता. मी म्हणाले, "मेली गं." दुसरा शब्द सुचलाच नाही. ती काही बोलली नाही. उठली, मनीला शोधून काढलं, उचलून आणलं आणि मनीला अजिबात मान्य नसताना तिला पांघरुणात गुंडाळून बसली.

त्या रात्री माझ्या लक्षात आलं की 'साठी'चं उत्तर आपण मुलांना सोपं म्हणून देतो, असं आपण स्वतःला सांगत असतो. अवघड असं त्या दुसऱ्या उत्तरातही काही नाही; सहा वर्षांच्या मुलीला ते एका दमात कळलं. फक्त त्यात न उठलेली पिल्लं आहेत. मनीच्या अंगावरचा प्रत्येक केस जणू त्यांच्या मोजणीने ठरलाय. 'निसर्गाने दिला' म्हटलं की ती पिल्लं वाक्यातून गायब होतात, सांगणाऱ्याची सुटका होते. मी हे सांगायला हवं होतं की नको, यावर माझं आणि बहिणीचं नंतर फोनवर थोडं वाजलंही. तिचं म्हणणं, थांबली असतीस दोन वर्षं. असेलही. पण विचारलं होतं त्याच दिवशी.

दुसऱ्या दिवशी मुलं नेहमीसारखी उठली. भाच्याला हे कधी सुरू झालं ते हवं होतं. चीनमध्ये बीव्हरसारख्या चपट्या शेपटीच्या एका प्राण्याचा जीवाश्म सापडला, त्याच्या भोवती खडकात केसांचे ठसे उमटलेले. कॅस्टोरोकॉडा असं त्याचं नाव, २००६ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. वय सुमारे १६ कोटी ४० लाख वर्षं. "म्हणजे डायनासोर होते तेव्हा?" होते तेव्हा. केसाळ प्राणी त्यांच्या पायांत वावरत होते. या एका गोष्टीने भाच्याच्या लेखी केसांची इज्जत एकदम वाढली.

काही अभ्यासकांना वाटतं की अगदी सुरुवातीला केस उबेच्या कामाचे नसावेतच. चार-दोन केसांनी काय ऊब राहणार? अंधारात, बिळात, काय कुठे लागतंय हे कळायला ते आले असावेत, मिशांसारखे. मला हे पटतं. एखादा केस अंगाबाहेर काढलेल्या बोटासारखा असतो. नेकेड मोल रॅट नावाचा जमिनीखाली राहणारा उंदीर आहे, अगदी उघडाबंब, सुरकुतलेला. त्याच्याही अंगावर शंभरेक केस असतातच, बोगद्याच्या भिंती चाचपायला. आणि सीलची तर कमाल आहे. डोळ्यांवर पट्टी आणि कानांवर हेडफोन लावलेला सील नुसत्या मिशांच्या जोरावर, पुढून गेलेल्या छोट्या पाणबुडीने पाण्यात सोडलेला माग काढत जातो. मुलांनी लगेच डोळे बांधून खेळ सुरू केला. मिशा म्हणून तोंडात दोन्ही बाजूंनी झाडूच्या काड्या. एक फुलदाणी गेली.

बाकीचं मी भराभर उरकलं, कारण केसांच्या गोष्टींना अंत नाही. साळिंदराचे काटे म्हणजे केसच, जाड झालेले. ते फेकून मारत नाही. गेंड्याच्या शिंगात हाड नसतं. आपली नखं आणि केस ज्या केराटिनचे, त्याचंच ते शिंग. सुरवंटाचे 'केस' हे केस नव्हेत, ते वेगळ्याच पदार्थाचे असतात. स्लॉथ सगळा जन्म उलटा लटकतो, म्हणून त्याचा भांग पाठीवर नसून पोटावर पडतो, पावसाचं पाणी नीट निथळावं असा. आणि सयामी मांजर. हिचा रंग तापमानावर ठरतो. काळा रंग बनवणारं तिचं रसायन अंगाच्या उबेत बिघडतं आणि गार जागीच नीट चालतं, म्हणून कान, नाक, पंजे, शेपूट काळी आणि बाकी अंग फिकं. आईच्या पोटात सगळीकडे ऊब, म्हणून पिल्लं जन्मतात पांढरी. अंगावर स्वतःच्या तापमानाचा नकाशा घेऊन फिरणारी मांजर, याहून चांगलं विज्ञानाचं पुस्तक मला तरी माहीत नाही.

झेब्र्याचं सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. २०१९ मध्ये काही संशोधकांनी साध्या घोड्यांना झेब्र्याच्या पट्ट्यांचे कोट घातले, तर त्यांच्यावर चावऱ्या माश्या बसायच्या कमी झाल्या. जपानमध्ये गाईंवर पांढरे पट्टे रंगवले, तिथेही चावे जवळपास निम्म्यावर आले. हे ऐकून संध्याकाळी दोघं मनीला घेऊन रंगपेटीपाशी सापडली. मनी वाचली. गालिचा नाही.

अखेर तो प्रश्न आला. मला वाटत होतं पहिल्याच दिवशी येईल.

"मग आपला कुठे गेला?"

भिंग आणलं आणि भाचीच्या हातावर धरलं. खिडकीच्या उजेडात तिच्या मनगटापासून कोपरापर्यंत सोनेरी लव चमकत होती. "हे काय!" ती ओरडली. माणसाच्या अंगावर केसांची मुळं सुमारे ५० लाख असतात, जवळपास आपल्याएवढ्या वानराच्या अंगावर असतात तेवढीच. संख्या घटलेली नाही, केस बारीक आणि आखूड झालेत. शिवाय प्रत्येक जण एकदा खराखुरा केसाळ होऊन गेलेला असतो. आईच्या पोटात पाचव्या महिन्याच्या सुमारास बाळाच्या अंगभर मऊ लव येते आणि बहुधा जन्माआधीच गळून जाते.

"म्हणजे मी माकड होते?"

"अजून आहेस," भाऊ म्हणाला, आणि चर्चा काही काळ तहकूब झाली.

केस का विरळ झाले याचं जे उत्तर बहुतेक अभ्यासकांना पटतं ते घामाचं. कुत्रा पळाला की जीभ काढून धापा टाकतो, तीच त्याची गार व्हायची तऱ्हा. आपल्या कातडीत २० ते ४० लाख घर्मग्रंथी आहेत. घाम वाळताना अंग गार करतो, पण त्याला वारा लागायला हवा. दाट केसांत तो वाळणार कसा? उन्हात मैलोन् मैल चालू-पळू शकणारा प्राणी हवा असेल तर हवेचा कोट उतरवावा लागतो. डोक्यावरचे तेवढे राहिले, कारण ऊन तिथे सरळ पडतं. २०२३ मध्ये माणसाच्या आकाराच्या तापत्या पुतळ्याला वेगवेगळे केसांचे टोप घालून कृत्रिम उन्हात मोजमाप झालं, तेव्हा सगळ्यात दाट कुरळे केस ऊन अडवण्यात सरस ठरले. उंटाचीच गोष्ट, टाळूपुरती.

मग थंड मुलखात जायची वेळ आली तेव्हा आपण दुसऱ्यांची कातडी पांघरली. केव्हा, याची साक्ष उवांनी दिली. डोक्यातली ऊ केसाला धरते. अंगावरची ऊ कपड्याच्या शिवणीत राहते, म्हणजे कपडे आले तेव्हाच ती वेगळी झाली असणार. दोघींच्या जनुकांतल्या फरकावरून २०११ मध्ये अंदाज निघाला, सुमारे १ लाख ७० हजार वर्षांपूर्वीचा. पुढे हे पांघरणं गरजेपुरतं राहिलं नाही. त्याच समुद्री पाणमांजरांची १७४१ पासून फरसाठी अशी शिकार झाली की १९११ मध्ये चार देशांनी करार करून ती थांबवली तेव्हा एक-दोन हजारच उरली होती. बुचासारख्या तरंगणाऱ्या पिल्लांची गोष्ट भाचीला इतकी आवडली होती की हे मी पुन्हा फक्त भाच्याला सांगितलं. 'मेली गं' पुन्हा म्हणायची माझी तयारी नव्हती.

शेवटच्या संध्याकाळी खिडकीवर एक अनोळखी बोका येऊन बसला. मनी क्षणात दुप्पट झाली. पाठ कमानीसारखी, शेपूट बाटल्या धुवायच्या ब्रशसारखी. बोका गेला. मनी हळूहळू पुन्हा आपल्या मापाची झाली.

"ही फुगली कशी?"

प्रत्येक केसाच्या मुळाशी, कातडीच्या आत, एक इवलासा स्नायू असतो. तो आखडला की केस उभा राहतो, सैल पडला की आडवा होतो. भीती वाटली, राग आला की सगळे एकदम उभे. समोरच्याला वाटावं केवढं हे जनावर. आणि थंडी वाजली तरी तेच. केस उभे राहिले की मधे जास्त हवा मावते, कोट जाड होतो. उकडलं की आडवे, कोट पातळ.

भाचीने थोडा वेळ मनीकडे पाहिलं. "म्हणजे बटणं आतून आहेत," ती म्हणाली.

मी मान हलवली. गेले दोन आठवडे मी तो प्रश्न विसरून गेले होते; ती नाही.

रात्री आंघोळीहून आली तेव्हा टॉवेल गुंडाळून ती कुडकुडत माझ्यासमोर उभी राहिली आणि हात पुढे केला. हातभर काटा आला होता. भिंग नको होतं, नुसत्या डोळ्यांना दिसत होतं. प्रत्येक लवेखाली एक बारीक टोक, पन्नास लाखांतल्या कितीतरी जागी तो स्नायू इमानेइतबारे ओढत होता, जणू वर अजून लोकर आहे. २०२० च्या एका संशोधनात दिसलं की या स्नायूला आणखीही काम आहे. त्याच्या आधाराने मज्जातंतू केसाच्या मुळाशी पोहोचतो आणि नवा केस उगवण्याची हाक देतो. हे तिला सांगावं म्हणून मी तोंड उघडलं.

"मावशी, बघ," ती हात माझ्या नाकाशी आणत म्हणाली. "बटणं आहेत. स्वेटरच नाहीये."